मुंगी चावल्यासारखं

त्या माणसाला मी खोटं सांगितलं, तेही अगदी सवयीनं. एमआरआयच्या दारासमोरच्या बाकावर मी ढगळा हिरवा गाऊन घालून बसले होते, उजवा हात पोटाशी धरून. खांद्यात सुई घालून, औषध भरून, वर एवढीशी पट्टी चिकटवून मला नुकतंच बाहेर पाठवलं होतं. समोर एक गृहस्थ उभे होते. डोक्यावर पांढरी टोपी, काखेत एक्स-रेची भलीमोठी पाकिटं. शेजारी त्यांची मुलगी, एकोणीस-वीसची असेल, ट्रॅकपँट घातलेली, केस घट्ट वर बांधलेले, खांदे माझ्या दीडपट रुंद. "ताई, लई दुखतं का हो?" त्यांनी विचारलं. "आबा, गप बसा की," मुलगी म्हणाली. "काही नाही हो," मी म्हटलं, "मुंगी चावल्यासारखं." आबांचा चेहरा सैल झाला. मुलीचा झाला नाही. ती माझ्या तोंडाकडे बघतच नव्हती. मी हात कसा धरलाय, तिकडे बघत होती.

तेवढ्यात आतून तिचं नाव पुकारलं.

हे मुंगीचं वाक्य मी कुठे शिकले, आठवत नाही. शाळेत लस टोचायला यायचे, तेव्हा रांगेतल्या पहिल्या मुलीला नर्सबाई हेच सांगायच्या आणि दुसऱ्या मुलीला पहिली मुलगी डोळे पुसत पुसत हेच सांगायची. आमच्या गल्लीतला कंपाउंडर सांगायचा, दातांचे डॉक्टर सांगतात, रक्त काढायला घरी येणारा पोरगा सांगतो. मी माझ्या मुलाला सांगितलंय आणि तो टाहो फोडत असताना त्याला घट्ट दाबून धरलंय. कुठली मुंगी, हे मात्र कुणीच सांगत नाही. साखरेच्या डब्यातली काळी मुंगी तर चावतही नाही. लाल चावते ती चुरचुरते, तासभर खाजवते. मुंगळा चावला की सोडत नाही, ओढून काढावा तर डोकं कातडीत राहतं. आंब्याच्या झाडावर चढलेल्याला ओंबील म्हणजे काय ते विचारावं. एवढ्या सगळ्यांना मिळून आपण एक मुंगी करून टाकली आहे आणि ती दवाखान्यात ठेवून दिली आहे.

माझा खांदा पहिल्यांदा निखळला तो तीन पावसाळ्यांपूर्वी, सिंहगड रोडवर. रस्त्यावर सांडलेल्या बारीक खडीवर स्कूटी घसरली, मी हात टेकला आणि खांदा समोरून खाली उतरला. कॅज्युअल्टीत बसवून दिला, तीन आठवडे झोळीत ठेवला, बरा झाला असं वाटलं. मग माळ्यावरून फराळाचा डबा काढताना पुन्हा निसटला. मग एकदा बसच्या दांड्याला लोंबकळताना. चौथ्यांदा तर झोपेत, कूस बदलताना. तोपर्यंत तो परत कसा जागेवर सरकवायचा हे मला जमायला लागलं होतं आणि त्याचीच जास्त भीती वाटायची. आजोबांचा खांदा तरुणपणी असाच निखळला होता. हाडवैद्यानं त्यांना घोंगडीवर आडवं केलं, काखेत टाच रोवली आणि हात ओढला. घरात ही गोष्ट वैद्याच्या कौतुकासाठी सांगितली जायची. पुढे कधीतरी वाचलं की काखेत पाय लावून हात ओढायची रीत ग्रीसच्या हिपोक्रॅटिसनं दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी लिहून ठेवली आहे. आमच्या वैद्याला हिपोक्रॅटिसचं नावही माहीत नसणार. खांदा निखळला की माणसाला बहुधा हेच सुचत असावं.

सर्जननी माझा हात बाजूला नेला, कोपरातून वळवला आणि पंजा हळूहळू मागे न्यायला लागले. खांद्याकडे ते बघतच नव्हते, माझ्या तोंडाकडे बघत होते. एका ठिकाणी मी "नको" म्हणाले, तिथे त्यांनी हात सोडला. तपासणी झाली. मग त्यांनी कागदावर एक बशी काढली, बशीवर लिंबू. खांद्याची खोबण अशी उथळ असते, म्हणाले, म्हणून बशीच्या कडेनं मऊ कुर्चेचा एक बांध असतो, त्याला लॅब्रम म्हणतात. तुमचा बांध समोरून फुटलाय असं मला वाटतं. साध्या एमआरआयमध्ये फुटका बांध हाडाला चिकटून शहाण्यासारखा पडून राहिला तर कळत नाही. खाचरात पाणी सोडल्याशिवाय बांध कुठून गळतोय ते कसं कळणार? म्हणून आर्थ्रोग्राम करू. सांध्यात पातळ औषध भरायचं आणि मग एमआरआय.

ते खाचर म्हणाले. मला आठवलं घमेलं.

साताऱ्यात पोवई नाक्याजवळ आमच्या बोळाच्या तोंडाशी एक पंक्चरवाले मामू बसायचे. शाळेतून येताना मी तिथे हमखास रेंगाळायचे. चाकातून ट्यूब ओढून काढली की मामू ती कधीच निरखून बघायचे नाहीत. आधी पंपानं हवा भरायचे, ट्यूब वेडीवाकडी फुगायची, एखाद्या जागी गळू आल्यासारखी. मग गढूळ पाण्यानं भरलेल्या घमेल्यात ती थोडी थोडी बुडवत फिरवायची. बुडबुड्यांची बारीक माळ वर आली की मामूंचा अंगठा तिथे. पुसायचं, कॉपिंग पेन्सिलनं जांभळी फुली मारायची, कानशीनं घासायचं, सोल्युशन लावायचं, फुंकर घालायची. "हवा भरल्याबिगर टूब खरं बोलत नाही," असं ते म्हणायचे. सर्जनसमोर बसून मला त्या रबराचा आणि सोल्युशनचा वास आला. घरी येऊन शोधलं तर गंमतच निघाली. सांध्यांची ही तपासणी सुरू झाली तीच हवा भरून. १८९५ साली राँटगेनला क्ष-किरण सापडले आणि त्यानंतर दहाच वर्षांत, १९०५ साली, दोन डॉक्टरांनी गुडघ्यात ऑक्सिजन भरून एक्स-रे काढून पाहिले होते. म्हणजे मामूंच्याच जातकुळीतले.

रिसेप्शनवरच्या मुलीला 'आर्थ्रोग्राम' हा शब्द आवडत नसावा. "डाय घालून एमआरआय ना? शनिवारी या, या तपासण्या शनिवारीच होतात. उपाशी यायची गरज नाही. गाडी चालवत येऊ नका, कुणाला तरी सोबत आणा." मग फोनवरच प्रश्नांची सरबत्ती. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का? दमा, शुगर, किडनीचा त्रास? पूर्वी कुठल्या इंजेक्शननं अंगावर गांधी उठल्या होत्या का? पेसमेकर? अंगात रॉड, प्लेट, क्लिप? दिवस गेलेत का? खांद्यावर फोड, पुळी, जखम काही? हा शेवटचा प्रश्न मला फुटकळ वाटला होता, पण तो तसा नव्हता. सुई कातडीतून थेट सांध्यात जाते आणि जाताना वरचे जंतू आत नेले तर काय, ही त्यांची मोठी धास्ती. असं क्वचितच होतं, पण संमतीपत्रावर लिहिलेलं असतं. सही करताना वाचलं की 'क्वचित' हा शब्द आपल्याकडेच बघतोय असं वाटतं.

आतली खोली थंडगार होती. समोरून बटणं असलेला कुडता घालून गेले होते, तेवढा एक शहाणपणा केला. दुखरा हात बाहीत आधी घालायचा आणि शेवटी काढायचा, हे फिजिओनं शिकवलं होतं. टेबलावर उताणी झोपवलं, हात अंगाशी सरळ, तळहात वर, दक्षिणा घ्यायला पसरावा तसा. त्या तळहातावर टेक्निशियननं वाळूची पिशवी ठेवली, हात फिरू नये म्हणून. इतक्या महागड्या यंत्रांच्या खोलीत ती वाळूची पिशवी बघून मला फार बरं वाटलं. वर एक्स-रेचं यंत्र, बाजूला पडदा, डॉक्टरांच्या अंगावर शिशाचा एप्रन. त्यांनी माझ्या खांद्यावर एक धातूची कांडी ठेवली, पडद्यावर पाहिलं, कांडी जराशी सरकवली, परत पाहिलं आणि पेननं कातडीवर फुली मारली. मामूंची पेन्सिल जांभळी होती, हे पेनही जांभळं निघालं.

मग बर्फासारखं औषध तीनदा पुसलं, मध्ये भोक असलेलं निळं कापड पसरलं. "आता जरा मुंगी चावेल हं," डॉक्टर म्हणाल्या. ही पहिली सुई भूल देण्याची, बारीक. ती चावली ती लाल मुंगी. टोचण्यापेक्षा औषध पसरताना होते ती आग जास्त, दहा-पंधरा सेकंद, मग विझली. नंतर आली ती दुसरी सुई, लांब. ती मी बघायला नको होती. तिचं दुखत नाही, पण कळतं. हे कसं सांगावं? भूल दिलेल्या कातडीतून काहीतरी खोल उतरतंय, कुणीतरी अंगठ्यानं आतून दाबतंय आणि मग एका क्षणी 'टक्'. सुई हाडाला टेकली. मी दचकले नाही, पण पायाची बोटं आपोआप आवळली गेली आणि टेक्निशियन माझ्या घोट्यावर हात ठेवून "झालंच" म्हणाला. झालं नव्हतं.

"बघायचंय?" डॉक्टरांनी विचारलं. मी मान तेवढी वळवली. आधी आयोडीनवालं औषध थोडंसं सोडतात, सुईचं टोक बरोबर जागी आहे का ते पाहायला. आयोडीन एक्स-रे अडवतं, म्हणून या पडद्यावर ते काळं दिसतं. टोक मांसात असेल तर औषध तिथेच गोळा होऊन बसतं. सांध्यात असेल तर पळतं. माझ्या पडद्यावर एक काळा थेंब उमटला आणि पाहता पाहता पळाला, हाडाच्या गोल डोक्याच्या कडेकडेनं, द्वितीयेच्या चंद्रासारखा. "पळाला," डॉक्टर म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदा मोकळा झाला. माझ्या शरीरात एक पोकळी आहे, तिला कडा आहेत, तिच्यात काही वाहू शकतं, हे मी तोपर्यंत नुसतं वाचलेलं होतं. ते असं समोर बघताना दुखण्याचं भानच गेलं. मग मोठी सिरिंज. तिच्यात गॅडोलिनियम असतं, फिनलंडच्या योहान गॅडोलिन या रसायनशास्त्रज्ञाच्या नावाचा धातू. नुसता धातू विषारी, म्हणून तो दुसऱ्या रेणूच्या मिठीत बंदिस्त केलेला असतो, आणि सांध्यासाठी तर सलाईनमध्ये दोनशेपट पातळ करतात. एमआरआयमध्ये त्याच्या शेजारचं पाणी पांढरंशुभ्र उजळतं. म्हणजे एकच पाणी या खोलीत काळं आणि पलीकडच्या खोलीत पांढरं.

साधारण १२ मिलिलिटर गेलं. चहाचे अडीच चमचे भरतील, पण खांद्याला ते कळशीभर वाटतं. दुखणं नव्हे, गच्चपणा. पंगतीत आग्रहाचा शेवटचा जिलबीचा तुकडा खाल्ल्यावर पोटाला जे होतं, ते खांद्याला झालं होतं. फ्रोझन शोल्डर असलेल्यांच्यात निम्मंही मावत नाही, डॉक्टर सांगत होत्या, पिस्टन मागे ढकलला जातो. तुमचा पिशवीसारखा सैल झालाय. हे त्या चांगली बातमी द्यावी तसं म्हणाल्या. सुई निघाली, पट्टी लागली. झोपल्यापासून उठेपर्यंत वीसेक मिनिटं. "आता रेंगाळायचं नाही," त्या म्हणाल्या. सांधा ते पाणी हळूहळू शोषून घेतो, म्हणून अर्ध्या-पाऊण तासात एमआरआयमध्ये गेलेलं बरं. म्हणून मी त्या बाकावर बसले होते आणि म्हणून आबा माझ्या समोर उभे होते.

पुढची पाच मिनिटं मी त्यांच्याशी बोलत होते. मुलगी कबड्डी खेळते. चढाई करून परत येताना पकडीत हात मागे राहिला आणि खांदा गेला, तोही दोनदा. पोरगी सात जणींच्या अंगावर धावून जाते, म्हणाले, पण सुईचं लई भ्या. लहानपणी दवाखान्याच्या पायरीवरून पळाली होती. हे सांगताना ते हसत होते आणि दाराकडे बघत होते. मी दोनदा म्हणायला तोंड उघडलं, की अहो, मी जरा कमी सांगितलं. पण आता सांगून उपयोग काय होता? सुई एव्हाना आत गेली असणार. आणि खरं सांगायचं तर, मला आधी कुणी "लांब सुई आहे, टक् होतं" असं सांगितलं असतं तर मी आले असते का? बहुतेक आले असते. एक रात्र जागून आले असते.

एमआरआयच्या दारात मावशींनी मला आपादमस्तक तपासलं. मंगळसूत्र, कानातलं, आकडे, क्लिपा सगळं काढून झालं होतं. "सेफ्टी पिन?" नाही म्हटलं. "बायकांची असतेच कुठंतरी," त्या म्हणाल्या आणि परकराच्या नाडीपाशी ती निघालीच. ते चुंबक रात्रंदिवस चालूच असतं, यंत्र बंद दिसलं तरी. दीड टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकाच्या साधारण ३०,००० पट. ती पिन माझ्या हातात ठेवताना मावशींनी मला शाळेतल्या बाईंसारखं पाहिलं. मग कानात बोळे, खांद्यावर कवच, डाव्या हातात रबरी फुगा. घाबरलात तर दाबा. बोगद्यात डोकं आत गेलं, छत नाकापासून वीतभर. आवाजांबद्दल सगळे सांगतात, त्यामुळे ते त्रासदायक वाटले नाहीत. कधी ड्रिल, कधी लग्नातला बेताल ढोल, कधी कुणीतरी दार ठोठावून ठोठावून थकल्यासारखं. मधल्या शांततेत खांदा गच्च भरलेला जाणवायचा आणि नाकाच्या शेंड्याला हमखास खाज सुटायची.

अर्ध्या तासानंतर टेबल बाहेर आलं. सुटले असं वाटलं. "आता एकच राहिलंय," तो टेक्निशियन म्हणाला, "हात डोक्यामागं घ्यायचा." अंबाडा घालायला घेतो तसा. हात असा नेला की समोरचा पडदा ताणला जातो, फाटलेली कड हाडापासून उचलली जाते आणि पाणी खाली शिरतं. तपासणीतला सगळ्यात बोलका फोटो तो. पण माझा खांदा निसटतो तोही नेमका तिथेच. गेली तीन वर्षं मी अंबाडा घातलेला नाही, केस कापून टाकलेत. हात कानापर्यंत आला आणि मी थांबले. दुखत होतं, पण थांबले ते त्यामुळे नव्हे. सर्जनसमोर "नको" म्हणाले होते, तोच "नको" पोटातून वर आला. त्या पोराला ते कळलं. त्यानं घाई केली नाही, कोपराखाली दोन चादरींची घडी सरकवली, हात अधांतरी राहिला नाही. "आता सोडा माझ्यावर," म्हणाला. मग पाच मिनिटं मी माझ्या स्वतःच्या हातावर डोकं ठेवून, निसटेल निसटेल या धाकात, न हलता पडून राहिले. सगळ्यात अवघड काही असेल तर ते हेच, आणि त्याबद्दल मला कुणी एका शब्दानं बोललं नव्हतं. सगळे आपले सुईबद्दल बोलतात.

निसटला नाही.

नंतरचं फारसं नाही. घरी येताना रिक्षाच्या प्रत्येक खड्ड्याला खांद्यातून गुडगुड ऐकू यायची, पाण्याची पिशवी हलवावी तशी. भूल उतरल्यावर संध्याकाळी ठणका लागला, दुसऱ्या दिवशी पहिल्यापेक्षा जास्त, तिसऱ्या दिवशी गेला. बर्फ शेकला, दोन दिवस कुकर उचलला नाही, नवऱ्यानं केलेली खिचडी खाल्ली. ताप आला, खांदा लाल झाला, ठणका वाढतच गेला तर वाट न बघता फोन करा असं बजावलं होतं. तसं काही झालं नाही. रिपोर्टमध्ये बांध फुटलेलाच निघाला, समोरून, खालच्या बाजूला. त्या जखमेला लंडनच्या बँकार्ट नावाच्या सर्जनचं नाव आहे, त्यांनी १९२३ साली तिच्यावर लिहिलं होतं. पडद्यावर पाहिलं तर गोल हाडाभोवती पांढरं पाणी आणि कडेखाली शिरलेली एक पांढरी रेघ, नखानं ओरखडल्यासारखी. तीन वर्षांचा सगळा त्रास त्या रेघेत मावला होता. ऑपरेशनची तारीख दिवाळीनंतरची घेतली आहे.

पण मला सांगायचं होतं ते बाकाचं. मी एमआरआयमधून बाहेर आले तेव्हा ती मुलगी त्याच जागी बसली होती, तोच ढगळा गाऊन, जो तिला मुळीच ढगळा होत नव्हता. डावा हात पोटाशी, अगदी मी धरला होता तसाच. आबा तिच्या चपला हातात घेऊन उभे. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"मुंगी नव्हती, काकू."

"नव्हती," मी म्हटलं.

"मुंगळा होता."

आबा हसायला लागले, मग आम्ही दोघीही, खांदे न हलवता जेवढं हसता येतं तेवढं. मावशी दार उघडून तिला बोलवत होत्या. मी पटकन तिच्याजवळ सरकले. म्हटलं, ऐक, आत आवाज होतो त्याचं काही नाही. पण सगळ्यात शेवटी ते हात डोक्यामागे घ्यायला लावतील. तिचा चेहरा बदलला. खांदा निखळलेल्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. म्हटलं, भीती वाटेल. कोपराखाली चादर घालून द्या म्हणून आधीच सांग, आणि दुखलं तर दुखतं म्हण.

"किती वेळ?"

"पाच मिनिटं."

ती क्षणभर काही बोलली नाही. ओठ हलत होते. "एक रेड तीस सेकंदांची," ती म्हणाली. "म्हणजे दहा." मग केसातला लोखंडी आकडा उपसून तिनं आबांच्या हातात दिला आणि आत गेली.